करिअर समुपदेशकांना खुले पत्र: ‘नेतृत्वगुण आहेत’ असे लिहिण्यापूर्वी

प्रति,
विद्यार्थ्यांना व्यवसायनिवडीचे मार्गदर्शन करणारे सर्व समुपदेशक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी निर्मितीच्या कामात आहे. सुरुवात रंगमंचामागे झाली, मधली सहा वर्षे एका वृत्तवाहिनीत गेली आणि आता माहितीपट, रंगमंचीय प्रयोग आणि उद्योगसंस्थांसाठी चित्रफिती करणारी एक लहान कंपनी मी चालवते. म्हणजे कला, माध्यमे आणि व्यवसाय ही तिन्ही घरे मी आतून पाहिली आहेत. आमच्याकडे काम मागायला येणाऱ्या मुलामुलींची पहिली भेट मी स्वतः घेते. अलीकडे या भेटींत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘माझ्या टेस्टमध्ये लीडरशिप आली आहे.’ ताप यावा, पुरळ यावे, तशी ही लीडरशिप आलेली असते. पुराव्यादाखल रंगीत छपाईचा अहवाल पुढे सरकवला जातो. त्यात ‘पुढाकार: उच्च’, ‘नेतृत्वक्षमता: अतिउच्च’ अशा पट्ट्या रंगवलेल्या असतात आणि तळाशी एक ओळ असते: ‘सुचवलेली क्षेत्रे – कला, माध्यमे, व्यवसाय.’ तो अहवाल आपण, किंवा आपल्यापैकी कोणीतरी, लिहिलेला असतो. म्हणून हे पत्र आपल्या नावे.

आरंभीच सांगते की कलचाचण्यांना माझा विरोध नाही. आपल्या शास्त्राचा इतिहास मी हौसेने वाचला आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले, त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. व्यवसाय निवडताना तीन गोष्टी कराव्यात, असे त्यांचे सांगणे होते: माणसाने स्वतःला नीट ओळखावे, त्या त्या कामाच्या गरजा, अटी, मोबदला आणि पुढच्या शक्यता समजून घ्याव्यात आणि मग या दोहोंचा मेळ डोके शांत ठेवून घालावा. माझ्यासमोर येणाऱ्या अहवालांत यांतली पहिलीच गोष्ट असते. मुलगा कसा आहे, हे बारा पानांत सांगितलेले असते. काम कसे आहे, हे एका ओळीत उरकलेले असते, आणि मेळ घालण्याचे काम त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर सोपवून आपण पुढच्या मुलाला आत बोलावता. माझी तक्रार या गाळलेल्या दुसऱ्या भागाबद्दल आहे.

आपल्यापैकी बरेच जण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची चौकट वापरतात. त्यांनी १९५९ मध्ये आपला सिद्धान्त मांडला आणि पुढे माणसांच्या आवडींचे सहा प्रकार षटकोनाच्या सहा टोकांवर बसवले: वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील आणि पारंपरिक. शेजारच्या टोकांमध्ये साम्य जास्त, समोरासमोरच्या टोकांमध्ये सर्वांत कमी. आता हा षटकोन कागदावर काढून पाहा. कलात्मक टोकाच्या बरोबर समोर ‘पारंपरिक’ हे टोक येते आणि त्या टोकात नोंदी, आकडेमोड, फायली, वेळापत्रके आणि नियम बसतात. निर्मात्याचे, संपादकाचे, कलादालन चालवणाऱ्याचे, जाहिरात संस्थेच्या प्रमुखाचे सगळे आयुष्य नेमके या दोन परस्परविरुद्ध टोकांमध्ये हेलपाटे घालण्यात जाते. सकाळी दिग्दर्शकाशी एका दृश्याच्या भावनेवर वाद घालायचा आणि दुपारी त्याच दृश्यासाठी लागणाऱ्या भाड्याच्या दिव्यांची पावती तपासायची. तिसरे टोक उद्यमशीलतेचे, जिथे माणसांना पटवायचे, पैसा उभा करायचा आणि जोखीम घ्यायची. या प्रत्येक प्रकाराला त्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर दिलेले असते. हॉलंड यांनी स्वतः माणसाला एकाच अक्षराच्या डबीत कोंबले नव्हते; दोन-तीन प्रकारांचा संयोग पाहावा, असेच ते सांगत. प्रत्यक्षात मात्र मुलाच्या हाती लागते ते ठळक छापलेले पहिले अक्षर, आणि मुलगा तेच घेऊन घरी जातो.

या क्षेत्रांत पुढाकार म्हणजे नेमके काय, हे मला आपल्याला जवळून दाखवायचे आहे.

नाटकाच्या प्रयोगात रंगमंच व्यवस्थापक विंगेत किंवा मागच्या काचेच्या खोलीत बसतो. कानाला हेडफोन, समोर झाकलेला छोटा दिवा आणि त्याखाली प्रॉम्प्ट बुक, म्हणजे संहितेची अशी प्रत जिच्या समासात प्रकाशाचा, ध्वनीचा, पडद्याचा प्रत्येक क्यू, म्हणजे बदलाचा इशारा, पेन्सिलने लिहिलेला असतो. पेन्सिलनेच, कारण तालमीत ते रोज बदलतात. ‘सत्तेचाळीस, तयार’ असे तो म्हणतो, योग्य शब्दावर ‘गो’ म्हणतो आणि तेव्हाच दिवा बदलतो. एकदा एका ज्येष्ठ नटाने भर प्रयोगात दोन पाने गाळली आणि थेट पुढच्या प्रसंगातले वाक्य टाकले. त्या दोन पानांत सात क्यू होते, त्यातला एक पावसाचा आवाज सुरू करण्याचा होता आणि पुढच्या प्रसंगातली नायिका भिजून आत येणार होती. आमच्या व्यवस्थापिकेने दीड-दोन सेकंदांत पाच क्यू सोडून दिले, पाऊस आणि एक प्रकाशबदल एकदम घेतला आणि विंगेतल्या मुलीला हातानेच खूण करून तिच्या अंगावर बादलीतले पाणी उपडे करायला लावले. प्रेक्षकांत कोणाला काही कळले नाही. ती व्यवस्थापिका चारचौघांत बोलायला अजूनही संकोचते. आपल्या चाचणीत तिची पट्टी फार लांब गेली नसती, अशी माझी खात्री आहे. तिला तो निर्णय घेता आला, कारण आधीचे तीन आठवडे तिने ते पुस्तक स्वतःच्या हाताने लिहिले, खोडले आणि पुन्हा लिहिले होते. कुठला क्यू सोडला तर चालतो आणि कुठला सोडला तर पुढचे सगळे कोसळते, हे तिच्या बोटांना माहीत होते. म्हणजे पुढाकाराचा तो क्षण षटकोनाच्या समोरच्या टोकावर, कंटाळवाण्या नोंदींत, तयार झाला होता.

वृत्तवाहिनीतला प्रसंग वेगळ्या जातीचा आहे. रात्रीच्या मुख्य बातमीपत्राला आठ मिनिटे असताना एका अतिशय नामांकित व्यक्तीच्या निधनाची बातमी एकाच सूत्राकडून आली. रनडाउन, म्हणजे बातम्यांचा क्रम, माझ्या हातात होता. दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी पडद्यावर त्या बातमीची पट्टी चालवली. असाइनमेंट डेस्कवरच्या, म्हणजे वार्ताहरांना कामे नेमून देणाऱ्या विभागातल्या, जेमतेम वर्षभर जुन्या मुलाने मला स्पष्ट सांगितले, ‘मॅडम, कुटुंबाकडून दुजोरा नाही, रुग्णालयही बोलत नाही.’ आम्ही बातमी रोखली. अकरा मिनिटांनी दुजोरा आला, बातमी खरी ठरली आणि आम्ही सर्वांत शेवटी ती दिली. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. ही गोष्ट मी मुलांना सांगते तेव्हा ती हिरमुसतात, कारण त्यांना बातमी खोटी निघायला हवी असते; तसे झाले असते तर आमचा निर्णय बरोबर ठरला असता ना! मला अजूनही वाटते की तो निर्णय बरोबरच होता. पण त्याचे बक्षीस मिळाले नाही, आणि या धंद्यात ते बऱ्याचदा मिळत नाही. ज्याला पुढाकाराच्या बदल्यात शाबासकी हवी आहे, त्याला हे आधीच कोणीतरी सांगायला हवे. त्या मुलाचा हुद्दा आमच्या खोलीत सर्वांत खालचा होता, हेही नोंदवून ठेवते. नेतृत्व म्हणजे वरची खुर्ची, ही समजूत आपल्या अहवालांतून जशी पसरते, तशी दुसरीकडून क्वचितच पसरत असेल.

व्यवसायाच्या बाजूबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथले दृश्य फारसे नाट्यमय नसते. महिनाअखेर असते, ग्राहकाचे पैसे आलेले नसतात, अकरा माणसांचे पगार द्यायचे असतात आणि तो फोन आपल्यालाच करायचा असतो. पैसे मागणे, नाही म्हणणे आणि वाईट बातमी वेळेवर सांगणे, ही तीन कामे ज्याला टाळावीशी वाटत नाहीत किंवा टाळावीशी वाटूनही जो टाळत नाही, तो कंपनी चालवू शकतो. एवढेच.

आता चाचणी आणि माणूस यांच्यातल्या अंतराविषयी. १९६३ मध्ये पतीच्या मृत्यूनंतर कॅथरिन ग्रॅहम यांच्यावर वॉशिंग्टन पोस्ट या अमेरिकी वृत्तपत्राच्या कंपनीची धुरा आली तेव्हा त्या ४६ वर्षांच्या होत्या, आणि आपल्याला हे जमणार नाही या धास्तीने त्यांना किती ग्रासले होते, हे त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले. त्या वर्षी त्या आपल्यापैकी कोणाच्या केंद्रात आल्या असत्या, तर त्यांचा अहवाल काय सांगता? आठ वर्षांनी, जून १९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्धाविषयीची गोपनीय सरकारी कागदपत्रे छापायची की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. न्यूयॉर्क टाइम्सला न्यायालयाने मनाई केलेली होती, पोस्ट कंपनीचे समभाग नुकतेच बाजारात आलेले होते, वकील थांबा म्हणत होते आणि संपादक छापा म्हणत होते. त्यांनी दूरध्वनीवरून छापण्याचा निर्णय दिला. ३० जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. या गोष्टीतला निर्णय सगळ्यांना आठवतो. मला त्याआधीची आठ वर्षे महत्त्वाची वाटतात, ज्यांत त्या ताळेबंद वाचायला शिकल्या, संपादक निवडायला शिकल्या आणि बैठकीत एकटी स्त्री म्हणून बसायला शिकल्या. भित्र्या स्वभावाची बाई एका रात्रीत धीट झाली, असे झालेले नाही. तिच्या हाती काम आले, अधिकार आला, आणि परिणामांचा हिशोबही तिच्याच नावे लागला.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. चित्रपट करण्याचे त्यांच्या मनाने घेतले तेव्हा ते चाळिशीत होते. छायाचित्रण, जादूचे प्रयोग, छपाई असे बरेच काही करून झाले होते आणि छपाईच्या व्यवसायात भागीदारांशी बिनसल्यामुळे ते बाहेर पडले होते. कागदावर हा धरसोड वृत्तीचा माणूस दिसतो. १९१२ मध्ये ते विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, कॅमेरा आणि तंत्र घेऊन परतले, पण पुढच्या भांडवलासाठी धनकोला पटवायचे होते. त्यांनी भाषण केले नाही. कुंडीत वाटाणा पेरला, दिवसामागून दिवस त्या रोपाचे एकेक चित्र टिपले आणि काही क्षणांत रोप वाढताना दाखवणारी फीत धनकोसमोर लावली. माझ्या मते पुढाकार या शब्दाची यापेक्षा चांगली व्याख्या नाही: कोणी मागितले नव्हते, खिशात पैसे नव्हते, तरी शंका घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवता येईल असे काहीतरी स्वतःच्या हाताने तयार केले. आणि ३ मे १९१३ रोजी जो ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, त्यामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी फितीला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या मंडळींचे जेवणखाण सांभाळण्यापर्यंत केलेले कष्ट होते. त्यांच्या वाट्याच्या कामाला आपल्या अहवालात कुठला रकाना आहे, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

रशियन बॅलेचे संयोजक सर्गेई द्यागिलेव्ह यांचे नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांना संगीतकार व्हायचे होते आणि आपल्याकडे ती प्रतिभा नाही हे त्यांना तरुणपणीच ऐकून घ्यावे लागले. ते नर्तक नव्हते, चित्रकार नव्हते, नृत्यरचनाकारही नव्हते. १९०९ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये रशियन बॅलेचा पहिला मोसम केला आणि पुढच्या वर्षाच्या नव्या बॅलेचे संगीत अखेर सोपवले ते फारसे नाव नसलेल्या, विशीतल्या इगॉर स्त्राविन्स्की यांच्यावर. कला क्षेत्रातल्या नेतृत्वाचा हा सगळ्यात शुद्ध नमुना आहे. स्वतःला जे येत नाही ते दुसऱ्यात ओळखायचे आणि त्याच्यावर आपली पत पणाला लावायची. मुलांना आपण ‘क्रिएटिव्ह’ आणि ‘मॅनेजमेंट’ अशा दोन रांगांत उभे करता तेव्हा असा माणूस कुठल्या रांगेत उभा राहिला असता? आणि हेही सांगायला हवे की हा माणूस जन्मभर कर्जात होता.

कर्जावरून माझ्या स्वतःच्या चुकीकडे येते, कारण ती लपवून हे पत्र लिहिणे योग्य होणार नाही. स्वतंत्र निर्माती म्हणून माझा पहिला प्रयोग होता. आठ कलावंत, चार गावांचा दौरा आणि प्रायोजकाचा तोंडी होकार. करारावर सही होण्यापूर्वीच मी सगळ्यांना तारखा दिल्या, इतर कामे सोडायला लावली, आगाऊ तिकिटे काढली. माझ्या अंगात पुढाकार म्हणाल तर ओतप्रोत होता. प्रायोजकाने दौऱ्याच्या बारा दिवस आधी हात वर केले. दौरा मी केलाच, आणि कलावंतांचे मानधन पाच महिने थकवले. त्यातल्या एका नर्तिकेने त्या काळात शिकवण्या घेऊन घरभाडे भरले. मला ते दीड वर्षाने कळले. पुढाकार माझा होता, जोखीम मात्र तिने उचलली होती, आणि मी तिला तसे विचारलेही नव्हते. तेव्हापासून सही झाल्याशिवाय मी कोणालाही तारीख देत नाही. आता सांगा, त्या वेळी माझी चाचणी घेतली असती तर नेतृत्वाच्या रकान्यात मला किती गुण मिळाले असते? बहुधा आजच्यापेक्षा जास्त.

म्हणूनच पैसा, करार आणि हक्क हे विषय मुलांना सल्ला देताना वगळू नयेत, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. कला म्हटले की हे विषय कोणीतरी दुसरे पाहील, अशी समजूत मुले आपल्याकडूनच घेऊन येतात. ज्यांनी या क्षेत्रात खरोखर पुढाकार घेतला त्यांनी तो बहुतेक वेळा याच ठिकाणी घेतला आहे. १९१९ मध्ये चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स हे नट आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांनी युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी काढली ती आपल्या चित्रपटांच्या वितरणावर आपला ताबा राहावा म्हणून. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सीमोर आणि जॉर्ज रॉजर यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी मॅग्नम ही सहकारी संस्था उभी केली, कारण छायाचित्राचा हक्क मासिकाकडे न जाता ते काढणाऱ्याकडे राहायला हवा होता. हे सगळे आपापल्या कलेतले दादा लोक होते, आणि त्यांचे मोठे धाडस एका करारनाम्याच्या कलमात होते. मुलीला उत्तम छायाचित्रकार होता येईल असे आपण सांगता; तिने काढलेले छायाचित्र कोणाच्या मालकीचे असेल, हा प्रश्न तिने पहिल्याच नेमणुकीच्या वेळी विचारायला हवा, हेही सांगाल का?

आपल्या शिक्क्याने काय होते, त्याचे एक उदाहरण देते. दोन-अडीच वर्षांपूर्वी असाच एक ‘अतिउच्च’ मुलगा आमच्याकडे आला. हुशार, वागायला चांगला, आवाज दमदार. तिसऱ्या आठवड्यात एका कारखान्यात चित्रीकरण होते आणि पाळी बदलतानाची फक्त चाळीस मिनिटे आम्हाला मिळणार होती. कॉल शीट, म्हणजे कोणी कुठे, कधी आणि काय घेऊन यायचे याचा कागद, त्याच्याकडे होती. सकाळी त्याने सगळ्यांना गोल उभे करून स्फूर्तिदायक भाषण दिले, कामे वाटली, पाठीवर थापा मारल्या. फाटकावर रक्षकाने आमच्यातल्या चौघांना अडवले, कारण आत जायला सुरक्षेचे बूट लागतात आणि त्यांच्या पायांत ते नव्हते. कॅमेरामन त्या चौघांत होता. चाळिसातली पंचवीस मिनिटे बूट मिळवण्यात गेली. मुलगा माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, ‘हे पाहणं कोणाचं काम होतं?’ त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही, आपणा समुपदेशकांचा आला. नेतृत्व म्हणजे कामे वाटणे, असे त्याला कुणीतरी अगदी मनापासून शिकवले होते. ज्या कामाला कोणाचेच नाव लागलेले नाही ते दिसणे आणि उचलणे, हाच तर पुढाकार. पण त्या अहवालातल्या प्रश्नावलीत असे बूट कुठून येणार?

तो मुलगा टिकला, हे सांगायला आनंद वाटतो. आता तो चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी थेट फाटकावरच्या रक्षकाला फोन करतो, कारण व्यवस्थापकाला जे ठाऊक नसते ते रक्षकाला ठाऊक असते. सकाळचे भाषण कधी बंद झाले, ते आमच्या लक्षातही आले नाही. पण त्याच्यासारखे अनेक जण टिकत नाहीत. आपण नेते आहोत आणि हे लोक आपल्याला चहा-नाश्त्याची यादी करायला लावतात, अशा समजुतीने ते तीन महिन्यांत निघून जातात, आणि याउलट ज्यांच्या अहवालात ही पट्टी आखूड आली ती मुले तर आमच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. दुसरे नुकसान मला जास्त सलते, कारण ते मोजता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९७२ पासून ऑर्फियस नावाचा वाद्यवृंद आहे. त्याला समोर उभे राहून वादन चालवणारा संचालक (कंडक्टर) नाही. प्रत्येक रचनेसाठी वादकांतल्याच काही जणांकडे सूत्रे जातात, ते तालमीची दिशा ठरवतात, आणि पुढच्या रचनेला दुसरे येतात. मैफलीत आज पुढे बसलेला वादक उद्या मागे बसतो आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नाही. नेतृत्वाकडे असे, कामापुरत्या जबाबदारीसारखे पाहिले तर आपल्या अहवालाची भाषाच बदलावी लागेल. ‘तू नेता आहेस’ या वाक्याऐवजी ‘तू अमुक गोष्ट कोणी न सांगता हाती घेतलीस आणि शेवटास नेलीस’ असे लिहावे लागेल, आणि ते लिहिण्यासाठी मुलाला तसे विचारावे लागेल. घरात, वर्गात, स्नेहसंमेलनात, कुठेही. सांगितलेले नसताना काय केलेस, त्यात कोणाचे पैसे किंवा वेळ गुंतला होता, बिघडले तेव्हा कोणाला आणि कधी सांगितलेस? माझ्या भेटींत मी हेच विचारते. उत्तर द्यायला मुले वेळ घेतात. ज्यांच्याकडे उत्तर असते त्यांना ते सांगण्यासारखे आहे हेच बऱ्याचदा ठाऊक नसते. एका मुलीने फार आढेवेढे घेऊन सांगितले की ग्रंथालयातली फाटकी पुस्तके ती मधल्या सुट्टीत डिंकाने चिकटवत असे आणि त्यासाठी तिने वर्गणीची वही ठेवली होती. ती वही अजून आहे का, असे मी विचारले. होती. आज आमच्या निर्मितीचे सगळे खर्चपत्रक ती सांभाळते आणि कुठला प्रकल्प घेऊ नये, हे मला सर्वांत आधी तीच सांगते.

आपल्याकडे वेळ कमी आणि मुले अनेक, हे मी जाणते. पालक निश्चित उत्तर मागतात, संस्था संख्या मागतात आणि बारा पानी अहवाल छापून देणे त्या मानाने सोपे असते. तरीही कला, माध्यमे आणि व्यवसाय हे तीन शब्द एका ओळीत लिहिण्यापूर्वी आपण त्या मुलाला तीन दिवस कोणाच्या तरी मागे उभे राहायला पाठवावे, अशी माझी विनंती आहे. एक दिवस तालमीत, एक दिवस वृत्तकक्षात, एक दिवस महिनाअखेरीच्या हिशोबाला. त्याने तिथे काही करायचे नाही, फक्त पाहायचे. परतल्यावर त्याला काय आवडले हे विचारण्याआधी, कोणते काम कोणाचेच नसल्यासारखे पडून होते, हे विचारावे. जे मूल त्याचे उत्तर देईल त्याच्या बाबतीत आपला अहवाल चुकण्याची शक्यता बरीच कमी होईल. आणि उत्पन्न अनियमित असते, पहिली चार-पाच वर्षे बहुधा दुसऱ्याच्या हाताखाली जातात, श्रेयनामावलीत नाव येईलच असे नाही, ही माहिती शिफारशीच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी.

माझ्या बाजूने एवढे करू शकते. आमच्या पुढच्या प्रयोगाच्या तालमी सुरू होत आहेत आणि त्या सहा आठवडे चालतील. दर आठवड्याला दोन मुले आपण पाठवलीत तर त्यांना मी रंगमंच व्यवस्थापिकेच्या शेजारी बसवीन. प्रॉम्प्ट बुक आणि पेन्सिल आमच्याकडे आहे. पट्टी आखूड आलेली मुले आधी पाठवावीत. अहवाल सोबत देऊ नये.

आपली,
एक निर्माती